बोल्टाखालचा रंग

भंगार म्हणालात? पुन्हा म्हणून दाखवा! मी बोलतोय, रोपवाटिकेतला छोटा ट्रॅक्टर. वय चाळीस. इथली माती, कुंड्या, खताची पोती, सगळं मीच ओढलंय. मागच्या चढावर भल्याभल्या गाड्या रुतल्या, मी नाही रुतलो.

माझे मालक आप्पा. भारी जीव त्यांचा माझ्यावर. गेल्या महिन्यात त्यांनी मला पार उघडून नखशिखांत लाल रंग दिला. काय झकास दिसत होतो! पण त्या दिवसापासून किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. पुढे काही नाही.

मग उपचार सुरू झाले. आप्पांच्या मुलाने नवी बॅटरी आणली. टक्. स्टार्टर बदलला. टक्. अहो, पोट दुखतंय आणि दात काय तपासताय! माणसांचं हे एक बघून ठेवलंय मी, नवीन सामान आणलं की त्यांना दुरुस्ती झाल्यासारखीच वाटते.

शेवटी मुलगा वैतागला. "आप्पा, म्हातारा झालाय हा. देऊन टाकू." आप्पांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला फार राग आला.

भंगारवाला माझ्या गळ्यात दोर बांधत होता, तेवढ्यात सूनबाई हात पुसत बाहेर आली. पंपाच्या मोटारी दुरुस्त करते ती. "थांबा हो जरा! आप्पा, रंगाच्या आधी चालू होत होता ना हा?"

"एका झटक्यात."

तिने एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर दाबलं. "फिरवा किल्ली."

असा गरजलो, की भंगारवाला दोर टाकून दोन पावलं मागे सरला!

"अर्थिंगची वायर ज्या बोल्टाने कसलीय ना, त्याच्याखालीही रंग फासलाय तुम्ही," सूनबाई म्हणाली. "करंट परत जाणार कुठून? बोल्टाच्या आट्यांतून जातोय तो जेमतेम टक् करण्यापुरता."

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारायला निघालो होतो की याला!" त्यांनी बोल्ट काढला आणि पॉलिश पेपरने ती बटणाएवढी जागा स्वतः घासली. माझा राग तिथेच गेला.

आज मी पुन्हा माती ओढतोय. उद्या परत अडलो तर आधी माझ्या वायरी तपासा, वय मागाहून विचारा. आणि भंगारवाले दादा, या की कधीही! दोर तेवढा घरी ठेवा. एखादं रोप घ्या, दारापर्यंत मी आणून देतो.