बाबांच्या उजव्या पायातला बूट

बोलतोय तो मी, उजव्या पायाचा बूट. घराच्या दाराशी काढून ठेवतात तसला नव्हे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी, स्कीसाठी केलेला. बाहेरून जाड प्लॅस्टिकचं कवच, आत मऊ अस्तराचा दुसरा बूट आणि पुढून आवळायला खटके. डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल.

माझा जन्म इटलीतला, डोंगराच्या पायथ्याच्या एका कारखान्यातला. साच्यात ओतलेलं तापलेलं प्लॅस्टिक निवलं आणि मी झालो. तिथून जहाजाने ऑस्ट्रेलियात आलो, आणि जिंडाबाइन नावाच्या तळ्याकाठच्या गावात लीनाच्या दुकानातल्या फळीवर जाऊन बसलो. लीना मूळची फिनलंडची. बर्फात खेळायला येणाऱ्यांना ती बूट आणि स्की भाड्याने द्यायची.

भाड्याच्या बुटाला माणसं कळतात ती पावलांवरून. बहुतेक जण आपलं माप खोटं सांगतात. कुणाला ते लहान असायला हवं असतं, कुणाला मोठं. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन जाड मोजे चढवतात, मग आत पाय सुकाणू नसलेल्या होडीसारखा हलतो, घसरून पडतात आणि खापर फोडतात माझ्यावर. त्या वर्षांत तर सिडनीहून भारतीय विद्यार्थ्यांच्या बसच्या बस यायच्या. ब्लॅकटाउनहून, पॅरामाटाहून. "अरे यार, ये तो जकड़ रहा है, बड़ा दे ना!" असा एकच गलका. स्कीचा बूट जकडायलाच हवा, हे त्यांना पटवता पटवता लीनाचा घसा बसायचा. म्हणून दोन हजार आठच्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जूनमध्ये, तिने मदतीला एक मुलगी ठेवली. चिन्मयी.

चिन्मयी चिंचवडची. सिडनीत अकाउंटिंग शिकत होती, ब्लॅकटाउनला चार मुलींबरोबर राहत होती. युनिव्हर्सिटीला सुट्टी लागली तशी कामाला आली. लीनाने तिला बूट बसवायचं शिकवलं ते माझ्यावरच. आधी पातळ मोजा, एकच. मग अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात पाऊल घालायचं, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे आपली दोन बोटं जातात का बघायचं. अस्तर घालून उभं राहिलं की पायाची बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच उचलता कामा नये.

"आणि प्रत्येक वेळी विचार, कुठे दुखतंय का," लीना म्हणाली. "बूट कसा आहे ते आपल्याला कळत नाही. पायाला कळतं."

चिन्मयी पटकन शिकली. काम चोख करायची, कुणाशी वाकडं बोलायची नाही, पण हसायचीही नाही. गिऱ्हाईक थट्टा करायचं, ती "नो वरीज" म्हणून पुढचा खटका लावायची. तिचे हात नेहमी गार असायचे. कारण मला नंतर कळलं. फेब्रुवारीत तिची आई गेली होती. दोन वर्षांचा कॅन्सर. मुलीचं शिक्षण अडायला नको म्हणून आईनेच तिला हट्टाने इकडे पाठवलं होतं, आणि शेवटी निरोप गेला तेव्हा उशीर झाला होता. चिन्मयी घरी पोचली तेव्हा भिंतीवर फोटो लागला होता. ती रडली नाही. कार्य उरकल्यावर परत आली आणि सेमिस्टर पुरं केलं.

जुलैत तिचे बाबा आले. रविंद्रराव. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर सुटे भाग तपासून निवृत्त झालेले, उंच, शांत गृहस्थ. प्रवास कसा झाला? ठीक. जेवण आवडलं? ठीक होतं. थंडी वाजते का? नाही. बाप-लेक दुकानामागच्या खोलीत समोरासमोर बसून वरण-भात खायचे आणि भांड्यांचाच काय तो आवाज व्हायचा. शुभदाचं, म्हणजे तिच्या आईचं, नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

लीनालाच ते बघवेना. "उद्या सुट्टी घे," ती चिन्मयीला म्हणाली. "त्यांना बर्फावर घेऊन जा."

चिन्मयीने बाबांसाठी मला निवडलं. त्यांना बाकावर बसवून ती खाली गुडघ्यांवर बसली. कवचात पाऊल, मागे दोन बोटं. अगदी बरोबर. मग अस्तर, मग खटके.

"बाबा, उभे राहा. बोटं टेकतात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हो."

"आता गुडघे वाकवा. सुटली?"

"सुटली."

"कुठे रुततंय? घोट्याशी? बाजूला?"

"नाही गं. छान आहे."

मी चपापलो. बुटात शिरलेलं कुठलंही पाऊल पहिला मिनिटभर चुळबुळ करतं. बोटं उघडतं, मिटतं, आपली जागा शोधतं. हे पाऊल ठेवलं तसं राहिलं. बाबा उत्तर देत होते ते पायाला विचारून नव्हे. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिला हवं असलेलं उत्तर देत होते. पण माप बरोबर होतं. चिन्मयीला शंका यायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगरावर पोचलो. चिन्मयी तिकिटं काढायला गेली. बाबा बाकावर बसून नेहमीच्या पँटवर बर्फाची जाड विजार चढवायला लागले. खिशातली खोलीची चावी पडेल म्हणून त्यांनी ती काढली आणि हाताशी होतो त्या मला दिली. माझ्या आत टाकली. तेवढ्यात विजारीची चेन अडकली, एका माणसाने ती ओढून द्यायला मदत केली, आभार-बिभार झाले, आणि बाबांनी पाय माझ्यात घातला. चावीवर.

आता ओरडतील, आता काढतील, म्हणून मी वाट पाहिली. ते उठून उभे राहिले.

चिन्मयी आली, वाकली, खटके आवळले. "कुठे टोचत नाही ना?"

"नाही."

त्या दिवशी बाबा खूप पडले. नवशिक्यांच्या उतारावर एक सरकता पट्टा माणसांना वर नेतो. तिथून ते घसरत यायचे आणि मध्येच बसकण मारायचे. एकदा त्यांना उठवायला गेलेली चिन्मयी त्यांच्यावरच कोसळली. दोघं बर्फात उताणे. बाबांच्या पोटातून हसू आलं, ते मला पायापर्यंत जाणवलं.

"तुझ्या आईने मला असं बघितलं असतं ना," ते म्हणाले, "तर म्हणाली असती, या माणसाला आता बांधून ठेवा."

चिन्मयीने अंगावरचा बर्फ झटकला. मग हळूच म्हणाली, "हो. आणि फोटो काढून सगळ्यांना दाखवला असता."

एवढंच बोलणं. पण त्यानंतर बाबांना थांबायचंच नव्हतं. "जरा बसू या का?" तिने विचारलं की म्हणायचे, "अजून एकदा." आणि दर वेळी वळताना सगळा भार उजव्या पायावर यायचा. मी घट्ट बसलो होतो. पाऊल जागचं हलू द्यायचं नाही हेच माझं काम, आणि मी ते जितकं नेटाने करत होतो तितकी चावी आत जात होती. दुपारपर्यंत अस्तर ओलं झालं. ते बर्फाचं पाणी नव्हतं.

परत निघायच्या वेळी बाबा खिसे चाचपू लागले. "चावी कुठे गेली?"

"पडली असेल. लीनाकडे दुसरी आहे, जाऊ द्या. बसा, बूट काढते."

तिने खटके सोडले, मला खाली ओढलं. पांढरा मोजा तळाशी लाल झाला होता. मोज्याला चावी चिकटली होती, आणि तिने मोजा सोलून काढला तेव्हा पावलाच्या चवड्यात चावीच्या आकाराची जखम होती, तोंड उघडलेली.

बाबांनी वाकून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं. "अरेच्चा," ते म्हणाले. "इथे होती होय."

"बाबा, दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"आत्ता? मी हात लावलाय. कळतोय?"

तिचा हात कुठे आहे ते त्यांनी आधी वाकून पाहिलं.

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं. शुगरमुळे होतं म्हणतात." ते मोज्याची घडी घालू लागले. "तुझ्या आईचं चाललं होतं ना तेव्हा. त्यात माझं कुठे मध्ये काढायचं?"

"मी तीनदा विचारलं, काल. आज पुन्हा विचारलं."

"तू इतकं मनापासून विचारत होतीस," बाबा म्हणाले. "कळत नाही, असं कसं म्हणू?"

घाईघाईत तिने मला काखोटीला मारलं आणि ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, म्हणून पुढचं मी पाहिलं. डॉक्टरबाईंनी जखम धुतली, मग जाणीव तपासायला एक बारीक नायलॉनचा धागा घेतला. "डोळे मिटा. लागला की हो म्हणा." धागा अंगठ्यावर टेकून वाकला. टाचेवर वाकला. कडेला, मध्ये, पुन्हा अंगठ्यावर. बाबा डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सुरू केलं का?"

चिन्मयी तोंड फिरवून खिडकीशी गेली.

जखम चिघळली. ताप चढला आणि बाबांना जवळच्या कूमा गावच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. विष हाडापर्यंत गेलं तर बोटं काढावी लागतील असं सांगितलं होतं. चिन्मयी दुकानात आपलं सामान न्यायला आली तेव्हा लीनाने मला आणि डाव्याला कचऱ्यात टाकायला हातात घेतलं होतं.

"मी विचारलं होतं गं," चिन्मयी म्हणाली. "तू शिकवलंस तसंच."

"तू बरोबर विचारलंस," लीना म्हणाली. "सगळीकडे हेच विचारतात."

चिन्मयीने तिच्या हातातून आम्हा दोघांना घेतलं आणि पिशवीत भरलं. का, ते तिने सांगितलं नाही, आणि लीनानेही विचारलं नाही.

हाड वाचलं. बोटं शाबूत राहिली. पण गेलेली जाणीव परत येत नाही, रोज पाय डोळ्यांनी तपासायचे, एवढाच उपाय, असं डॉक्टर म्हणाले. बाबा ब्लॅकटाउनच्या घरी आले. बाकीच्या मुलींनी त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून दिली. मी त्या खोलीतल्या पलंगाखाली होतो.

रोज सकाळी चिन्मयी पलंगाच्या पायथ्याशी बसायची, त्यांचं एकेक पाऊल मांडीवर घ्यायची आणि तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या उजेडात धरून बघायची. बाबा पाठीवर पडून छताकडे बघत असायचे. मग एका सकाळी, लेकीचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, बाबा बोलायला लागले.

"शेवटच्या आठवड्यात तिला चहाचा वास सहन व्हायचा नाही. मी खाली टपरीवर जाऊन प्यायचो. तर म्हणायची, मला टाकून मजा मारतोस."

चिन्मयीचा हात थांबला. मग पुन्हा बोटं तपासू लागला.

असं रोज थोडं थोडं. आई काय म्हणाली, काय खाल्लं, कुणाला ओळखलं नाही, कुणाला ओळखलं. जे चिन्मयीला बघायला मिळालं नव्हतं ते सगळं. एके दिवशी तिने विचारलं, "माझी वाट बघत होती का?"

या वेळी त्यांनी तिला हवं ते उत्तर दिलं नाही. "शेवटचे दोन दिवस ती कुणाचीच वाट बघत नव्हती, चिनू. तिला झोप हवी होती."

पलंग हलू लागला. आधी मला कळेना काय झालं. फेब्रुवारीपासून न रडलेली मुलगी बापाचा पाय मांडीवर धरून रडत होती. बाबा म्हणत होते, "रड. मला काही कळत नाहीये तिथे, पण रड."

बाबा चिंचवडला परत गेले. पुढे दर रविवारी स्काइपवर आधी दिसायचे ते दोन तळवे, कॅमेऱ्याला लावलेले. "दाखवलेत ना? आता बोल." चिन्मयीला नोकरी लागली, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहण्याची परवानगी, मिळालं, क्वेकर्स हिलला घर झालं. यतिनशी लग्न झालं. त्यांची मैथिली लहानपणी कॅमेऱ्यासमोर नाचायची, "Ajoba, show me your feet!" मी गॅरेजमधल्या फळीवरून हे सगळं ऐकत होतो. मला पुन्हा कुणी घातलं नाही.

आत्ता मी घरासमोरच्या गवतावर पडून आहे. कौन्सिलचा ट्रक उद्या मोठा कचरा न्यायला येईल. माझं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, बाजूने चीर गेली आहे. कुणी मोहात पडून मला घालू नये, एवढंच मागणं. आणि कुणाला बूट घालून बघायला लावाल तेव्हा कुठे दुखतंय का ते विचारा, पण उत्तर आल्यावर उठू नका. मोजा काढून पाऊल हातात घ्या.

मघाशी चिन्मयी आणि तिची शेजारीण तेजश्री गॅरेज आवरत होत्या. चिन्मयी गेल्याच आठवड्यात पुण्याहून परतली आहे. बाबा गेले. या वेळी ती वेळेवर पोचली होती. मला गवतावर ठेवता ठेवता ती तेजश्रीला सांगत होती.

"न्यायच्या आधी सगळे एकेक करून पाया पडत होते. मीही वाकले. पण मी पाया पडलेच नाही गं. मी तळवा बघत बसले. टाच, बेचक्या, सगळं. कुठे काही नव्हतं. आत्या मागून म्हणाली, ऊठ आता, किती वेळ पाया पडतेस."

"मग?"

"म्हटलं, थांब आत्या. डावा राहिलाय."

तेजश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने दोघी आत गेल्या.

बरं, येतो मी.