मी, आरोही-सौमित्रची चारशे सत्तर

मी एक जुनी शर्यतीची बोट आहे, मित्रांनो, पण मला वय विचारू नका. लांबी विचारा. चार मीटर सत्तर सेंटीमीटर, म्हणून माझ्या जातीला जगभर 'चारशे सत्तर' म्हणतात. आम्ही ऑलिंपिकमध्ये धावतो. मला चालवायला दोघं लागतात, आणि हल्लीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांत एक मुलगी आणि एक मुलगा असतो.

मी नवी कोरी गिरगाव चौपाटीवर आले तेव्हा माणसं माझ्यावरून हात फिरवून बघत. पुढे आणखी नव्या बोटी आल्या आणि मी ताडपत्रीखाली गेले. दोन वर्षं माझ्यावर फक्त कावळे बसले. मग प्रशिक्षक रमाकांत सरांनी मला आरोही आणि सौमित्रच्या हवाली केलं. "म्हातारी आहे, पण दगा देणार नाही," सर म्हणाले. म्हातारी म्हटलेलं मला चांगलंच झोंबलं.

आरोही नायगावची, सौमित्र शिवाजी पार्कचा. ती सुकाणू धरते. तो कमरेच्या पट्ट्याला डोलकाठीवरून आलेली तार अडकवून माझ्या काठावर पाय रोवतो आणि आख्खं अंग पाण्यावर झोकून देतो. काय पोरं आहेत! हाताला फोड आले तरी दोरी सोडत नाहीत.

निवडीच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या दोघांत आलं, तर त्यांना राष्ट्रीय शिबिरात जायचं होतं. तिथे सगळ्या नव्या बोटी. म्हणजे जिंकली तर मला सोडून जाणार, हरली तर आणखी वर्षभर माझीच. हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या सकाळी आरोहीची आई, लतिकाताई, नारळ घेऊन आल्या. सौमित्र तेव्हा माझं बूच लावत होता. माझ्या पोकळ तळात साचलेलं पाणी काढायला मागे एक भोक आहे, त्याचं ते बूच.

"आधी हात जोड रे झिला. दर्याक मान दिल्याशिवाय जावचा नाय," लतिकाताई म्हणाल्या.

सौमित्रने बूच खिशात टाकलं आणि हात जोडले. नारळ फुटला, मला कुंकू लागलं, तेवढ्यात शिटी झाली आणि सगळ्यांनी मला घाईघाईने पाण्यात ढकललं.

पहिल्या वळणावर आम्ही दुसरे होतो. मग मी जड होऊ लागले.

"सौम्या, ही पळत का नाहीये?"

त्याने खिसा चाचपला. चेहरा पांढराफटक पडला. "आरोही, बूच माझ्याकडे राहिलं."

खरं सांगते, मित्रांनो, मला बरं वाटलं. आणखी थोडं पाणी आत आलं की हरतील आणि माझ्याजवळच राहतील, असं माझ्या मनात आलं.

"शिव्या नंतर दे. आधी माझा पाय धर," सौमित्र म्हणाला. तो माझ्या मागच्या कडेवर पालथा पडला. आरोहीने एका हाताने सुकाणू धरलं, दुसऱ्याने त्याचा घोटा. लाटा त्याच्या नाकातोंडात जात होत्या. बूच बसलं, तोवर चार बोटी पुढे गेल्या होत्या आणि आत शिरलेलं पाणी आतच होतं.

"सोडूया का?" त्याने विचारलं.

"म्हातारी तरंगतेय ना अजून? मग लटक बाहेर!"

मला माझीच लाज वाटली. मलबार हिलच्या बाजूने वारा वळला, तो सौमित्रने आधी हेरला आणि आरोहीने मला तिकडे वळवलं. पोटातल्या पाण्यासकट मी धावले, जन्मात धावले नव्हते तशी. तीन बोटी मागे पडल्या. चौथीला आम्ही अगदी रेषेवर गाठलं आणि वीतभर फरकाने दुसरे आलो.

"काकू, चूक माझी होती," वाळूत उतरताच सौमित्र म्हणाला.

"तुझी कसली? माझोच नारळ मधे इलो," म्हणत लतिकाताईंनी डोळे पुसले. सगळे पेढ्यांकडे वळले. ही दोघं मात्र बूच काढून माझं पाणी उपसत बसली आणि मग गोड्या पाण्याने मला नखशिखांत धुतलं.

ती शिबिराला गेली, त्याला तीन महिने झाले. मला त्यांची फार आठवण येते. मित्रांनो, जिंकाल तेव्हा पेढे जरूर खा, पण ज्याच्या जिवावर जिंकलात त्याला आधी पुसा-धुवा. आणि त्या दिवशी माझ्या मनात काय आलं होतं, ते आरोहीला कधी सांगू नका.