आत्यानं अडवलेलं नाव

माझ्या भावाची मुलगी सातव्या महिन्यातच जगात आली. वजन नऊशे ग्रॅम. आमच्या बेटांची राजधानी नुकुआलोफा, तिथल्या इस्पितळात ती काचेच्या पेटीत पडून होती आणि तिला नाव नव्हतं. त्याला कारण मी.

आमच्यात नाव ठेवते ती बापाची थोरली बहीण. तिच्याआधी कुणी चकार शब्द काढायचा नाही. त्यात मी गाणी रचणारी बाई. तीस वर्षं आमच्या चर्चच्या नाचांची गाणी माझीच. भाचीचं नाव असंतसं कसं ठेवायचं? नाव गाण्यात गुंफायचं, पोर घरी आली की डुकरं भाजायची, गावाला जेवू घालायचं आणि भर अंगणात गाणं म्हणून नाव सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. चार कडवी झाली. फुलं झाली, पक्षी झाले, चंद्र झाला. ज्याच्यावर गाणं, त्याच्याविषयी सरळ बोलायचं नाही, आडवळणानं जायचं, ही आमची रीत. आणि त्या आडवळणात माझा हात धरणारं कुणी नाही. पाचवं कडवं मात्र जमेना. तीन आठवडे गेले.

एका सकाळी मी लुपेसाठी, म्हणजे भावजयीसाठी, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घेऊन गेले. मला बघताच माझा भाऊ सेमिसी खोलीतून उठून व्हरांड्यात गेला. आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. लुपे मान खाली घालून पेटीपासून चार हात लांब बसली होती.

सिस्टर पेनिनानं मला दारातच गाठलं. ती वावाउ बेटाची, तोंडाची फटकळ.

"आत्याबाई, पानं राहू द्या. आधी एक सांगा, पोरगी मरायची वाट बघताय का?"

"जीभ आवर गं! काय बोलतेस?"

"मी नाही, तुमचं घर बोलतंय. आत्याला पोर जगेलसं वाटत नाही, म्हणून ती नाव वाया घालवत नाही, असं धरून बसलीय तुमची भावजय. पोरीला आईच्या छातीची ऊब हवी, अंगाला अंग लावून. रोज सांगते. ही हात लावेल तर शपथ! म्हणते, राहणारच नाही तिची सवय कशाला करून घेऊ?"

"मग मला कुणी विचारलं का नाही?"

"कोण विचारणार? भाऊ तुमच्यासमोर बसत नाही, भावजय तुमच्यासमोर बोलत नाही. उरले मी. आणि वजन कालपासून वीस ग्रॅम उतरलंय."

लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. राग आला तो त्या चार कडव्यांचा. मी घरी चंद्राला साजेसा शब्द शोधत बसले होते आणि इथे पोर आईच्या स्पर्शाविना झुरत होती.

मी हात धुतले आणि आत गेले. "लुपे, पेटीपाशी ये."

"वन्सं, मी इथंच बरी आहे."

"मी विचारलं नाही, सांगितलंय."

ती आली. पेटीला एक गोल खिडकी होती, तिच्याशी मी तोंड नेलं. फुलं-पक्षी गेले उडत. जे दिसत होतं तेच चालीवर म्हटलं:

नाकात नळी, पायाला तारा,
मुठीत मावेना माझं बोट.
श्वास विसरतेस, पुन्हा आठवतेस.
आम्हाला फुकट मिळाला, आम्ही उधळला,
तू एकेक कमावतेस.
कमव, पोरी, आत्ताचा कमव.
पुढचा पुढे बघू.

"हे कसलं गाणं?" पेनिना पुटपुटली. "सगळं उघडंच की!"

"उघडंच असू दे."

आता नाव. ठरवलेलं होतं ते आमच्या आजीचं, लांबलचक, गाण्यात डौलात बसणारं. पण आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. मेलेल्या बाईचं नाव त्या पेटीपाशी माझ्या ओठावर येईना.

"लेसिएली," मी म्हटलं.

लुपेनं त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वन्सं, ते तर तुमचं नाव!"

"माझंच. आणि माझा इतक्यात मरायचा काही विचार नाही. माझं नाव त्या पेटीत एकटं ठेवणार आहेस का?"

तिला रडू कोसळलं. व्हरांड्यातही कुणीतरी नाक ओढलं. मी तिकडे पाहिलं नाही.

पेनिनानं नळ्या सांभाळत पोरीला उचललं. लुपेनं बटणं काढली आणि तिला छातीवर घेतलं. एवढीशी पाठ, लुपेच्या एका तळहाताखाली सगळी झाकली गेली. मग ती पाठ हलायची थांबली. यंत्र ओरडायला लागलं. पेनिना पुढे झाली, पण लुपेनंच पोरीच्या पाठीवर बोटं फिरवली. आमच्या घरात आल्यापासून तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं, माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता.

"लेसिएली!" ती माझ्यादेखत दरडावून म्हणाली. "श्वास घे! घे म्हणते ना!"

आणि लेसिएलीनं घेतला.