ओग्दोच्या गोठ्यावरचं धुकं

मला शोधायला लांब जाऊ नका. दार उघडा, पुढं केलेला आपलाच हात दिसेनासा झाला की समजा, मी आलो. सैबेरियाच्या याकुतियातल्या एका खेड्याचं बर्फाचं धुकं बोलतोय मी.

तुमच्याकडचं धुकं पाण्याचं. मी बारीक बर्फकणांचा. थंडी उणे चाळिसाच्या खाली गेली की माझा जन्म. गाईंचा श्वास, चुलींचा धूर, तळ्यावर पाण्यासाठी फोडलेल्या भोकाची वाफ, आणि सगळ्यांत जास्त, घरोघरी नळातून ऊब पुरवणाऱ्या गावच्या बॉयलरची चिमणी. हवा इतकी गारठलेली की तिच्यात वाफ मावतच नाही. बाहेर पडली की गोठली, आणि मी झालो. म्हणजे मी काही परका नव्हे. तरी ट्रकवाले माझ्या आईचा उद्धार करतात. करू देत, माझी आई म्हणजे त्यांच्याच गाड्यांचा धूर!

माझी खोड मी कबूल करतो. दुपारी घटकाभर डोकावणारं ऊन मी वरच्या वर अडवतो. पण ते ऊन ते केवढं! जमीन मात्र रात्रंदिवस आपली ऊब आकाशाला देत बसते, आणि मोकळ्या आकाशाला दिलेलं परत येत नाही. मी मध्ये असलो की त्यातली थोडी झेलतो, खाली परत पाठवतो. गोधडीएवढी नाही, विरलेल्या लुगड्याएवढी म्हणा. पण हे कुणाला दिसत नाही. गावाचा आडाखा एकच: धुकं गेलं की थंडी मोडली.

एरवी तो खराही ठरतो. यंदाच्या जानेवारीत चुकला.

ओग्दो म्हातारीची एकुलती गाय दिवस भरलेली होती. मी पाच दिवस ठाण मांडून होतो, म्हणून गाय गोठ्यातच. बर्फाच्या लाद्या वितळवून तिला पाणी पाजत. सहाव्या पहाटे गावचा बॉयलर बंद पडला. वाफ थांबली, माझे कण खाली बसले, गोठ्याच्या झरोक्यापाशी तेवढा मी चिमूटभर उरलो. ओग्दोच्या घरी स्वतःची चूल, त्यामुळं तिथं कुणाला पत्ताच नाही.

सकाळी तिचा मुलगा मिचिल गाईचं दावं सोडत म्हणाला, "आई, आकाश बघ! डोंगर दिसतोय. सुटलो एकदाचे. हिला तळ्यावर नेतो, कंटाळली बिचारी."

"ती कंटाळली, का लाद्या फोडून तू?"

"दोघंही."

"बॉयलरची चिमणी दिसते का?"

"लख्ख दिसते की!"

"मग धूर कुठाय?"

मिचिल हसला. "आता धुराचीही आठवण यायला लागली तुला? सरक बाजूला."

म्हातारी दारातून हलली नाही. तिनं टोपीचे कान वर केले, लांब श्वास सोडला आणि ऐकत राहिली. उणे पन्नाशीच्या खाली सोडलेला श्वास गोठताना कानाशी सळसळतो, दाणे ओतल्यासारखा.

"ऐक. कालच्यापेक्षा मोठ्यानं बोलतोय. हिचे सड गोठले तर वासराला काय तुझा अंगठा चोखायला देऊ?"

"तुझे कान ऐंशी वर्षांचे, आई. मी तापमापक बघून येतो."

"जा. नाक झाकून जा."

न झाकताच गेला. दुकानाच्या भिंतीवरची तांबडी रेघ काल माझ्याखाली उणे त्रेपन्नला होती. उघड्या आकाशाखाली ती एकोणसाठला उतरली होती. मिचिल परतला तेव्हा नाकाचा शेंडा पांढरा. म्हातारीनं तो आपल्या उबदार तळव्यात धरला.

"किती?"

"एकोणसाठ," तो तळव्याआडून पुटपुटला.

"नाक आहे ना जागेवर? मग बांध गाय."

दुपारी बॉयलर सुरू झाला आणि मी पुन्हा गावभर पसरलो. मिचिल अंगणात लादी फोडत होता. वर बघून म्हणाला, "आलास? बस बाबा, बस." पहिल्यांदाच शिवीशिवाय.

संध्याकाळी गाय व्याली. मला आत जाता येत नाही. उबेत मी उरतच नाही. पण आतून म्हातारीचा आवाज आला, "लागलं गं बाई, लागलं प्यायला!" आणि झरोक्यातून एक इवलीशी नवी वाफ वर आली, गोठली, माझ्यात मिसळली.

आता फेब्रुवारी सरतोय. मी रोज विरत चाललोय, सकाळचा तेवढा असतो. जाईन मी. पण अजून दोन-चार कडक दिवस यायचे आहेत, तेवढे मला या छपरावर काढू द्या. वासरू लहान आहे.