यज्ञेश्वरभटजींच्या मनगटावर

मित्रांनो, मला पाहून घाबरू नका. मी एक जुनी हातकडी आहे खरी, पण आता गंजून उघडीच पडले आहे. कुणाला धरून ठेवायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

ग्वाल्हेर संस्थान होते तेव्हा एका लोहाराने मला घडवले. पुढे देश स्वतंत्र झाला, संस्थान गेले, मध्यभारत हे नवे राज्य आले आणि उज्जैनच्या आमच्या ठाण्यावरची पाटी बदलली. मी मात्र शिपाई बद्रीलालच्या पट्ट्याला तशीच लटकत होते. तो मला तेल लावून लख्ख ठेवी. "मेरी पक्की साथिन!" म्हणे. मलाही भारी ऐट. मी ज्याला धरीन तो चोरच, असे मी समजून चालले होते.

एका सकाळी आम्ही राम घाटावर गस्तीला होतो. तिथे यज्ञेश्वरभटजी आपल्या मोठ्या छत्रीखाली बसून श्राद्ध सांगत. त्या दिवशी त्यांच्यापुढे भय्यासाहेब बसले होते, जुन्या दरबारी घराण्यातले बडे प्रस्थ. श्राद्धाला बोटात दर्भाची अंगठी घालतात, म्हणून त्यांनी आपली हिऱ्याची अंगठी काढली. विधी आटोपला आणि पाहतात तर अंगठी गायब!

"भटजी, तुमच्याशिवाय इथं होतं कोण?" भय्यासाहेब कडाडले.

"मी कशाला घेऊ? तुम्हीच कुठं ठेवली असेल, जरा याद करा ना!"

भटजींच्या झडतीत काहीच सापडले नाही. पण भय्यासाहेब डोळे वटारून उभे, तिथे बद्रीलालची काय बिशाद! त्याने मला काढले. भटजींच्या हाताला अजून तीळ चिकटलेले होते. मी खटकन मिटले. त्यांना भर बाजारातून नेले तेव्हा ओळखीचे दुकानदार माना फिरवत होते, आणि मी निर्लज्ज, उन्हात चमकत मिरवत होते.

संध्याकाळी भय्यासाहेबांच्या घरी त्यांचे घाटावरचे ओले उपरणे पिळताना त्याच्या गाठीतून अंगठी निघाली. ती त्यांनीच बांधून ठेवली होती. ठाण्यावर निरोप आला. भटजींची पत्नी अहल्याबाई धावत आली.

"अंगठी तर मिळाली, मग यांना छोडत का नाही?"

ठाणेदार बद्रीलालच्या कानात पुटपुटला, "अभी छोड़ा तो लोग हम पर हँसेंगे." ती फजिती झाकायला त्यांनी भटजींना मॅजिस्ट्रेटपुढे उभेही न करता आठवडाभर कोंडून ठेवले. भय्यासाहेब मूग गिळून बसले.

भटजी सुटले, पण घाटावर त्यांच्यापुढे कुणी बसेना. बेडी पडलेल्या हातांनी पितरांना पाणी कसे द्यायचे, असे लोक म्हणत. शेवटी त्यांनी सरकारवर भरपाईचा दावा लावला. तो चालू असताना मध्यभारतही गेले आणि मध्य प्रदेश आला. अटक करणारे सरकार वेगळे होते, असे सरकारी वकील म्हणू लागले. न्यायाधीशांनी ते मानले नाही. बद्रीलालनेही साक्षीत खरे तेच सांगितले. भरपाई मिळाली, पण भटजींच्या छत्रीखाली शुकशुकाटच राहिला.

एक दिवस भटजी ठाण्यावर आले.

"बद्रीलालजी, मुआवजा तो मिल गया. जिस रास्ते से लाए थे, उसी रास्ते से मुझे घाट पर छोड़ आओ."

बद्रीलाल उठला. बाजारात दुकानादुकानापुढे थांबून म्हणाला, "पंडितजी ने कुछ नहीं लिया था. गलती हमारी थी." घाटावर त्याने पट्टा सोडून माझ्यासकट पायरीवर ठेवला. शिप्रेत बुडी मारली आणि तो भटजींपुढे बसला.

"मेरे पिताजी का श्राद्ध करा दीजिए."

त्याने हात पुढे केला. मला मिटणारा हात तोच होता. भटजी त्या हाताकडे पाहतच राहिले. मग त्यांनी त्याच्या बोटात दर्भाची अंगठी घातली. आजूबाजूचे लोक टक लावून बघत होते. मला मात्र वर मान करवेना.

त्यानंतर मी कधी नीट मिटलेच नाही. लोक म्हणतात, गंज चढला. म्हणोत बापडे. मित्रांनो, कुणावर बोट रोखायची वेळ आली तर माझी आठवण ठेवा. त्या सकाळी मला वाचा असती तर मी एवढेच ओरडले असते, आधी ती उपरण्याची गाठ तर सोडून बघा!