फ्लेक्सवरची डॉक्टरीण

हार्दिक अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!!

फ्लेक्स एसटी थांब्यासमोरच आहे, त्यामुळे पिंपरी पेंढारला उतरलं की समृद्धीला आधी स्वतःलाच भेटावं लागतं. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, आळेफाट्याच्या फ्लेक्सवाल्याने गोरा केलेला. गळ्यात दुसऱ्याच कुणाच्या फोटोतून उचललेला स्टेथोस्कोप. उन्हाने लाल उडाला, पिवळा उडाला. ती हसतेच आहे.

गावची कन्या डॉ. समृद्धी हौशीराम कुटे

डॉ. नाही. एम.एस्सी., बायोमेडिकल सायन्सेस, दुसरं वर्ष, पुणे. काचेसारख्या प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत ती कर्करोगाच्या पेशी वाढवते, त्यांना गुलाबी पाणी पाजते, औषध घालून किती मरतात ते मोजते. तिला ते आवडतं. पेशंट तिने आजवर एकही पाहिलेला नाही.

"बायोमेडिकल म्हंजे मेडिकलच की," असं पप्पा फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगत होते, तेव्हा ती समोर बसून जेवत होती. तोंडात घास होता.

आता बोलायचंच, असं ठरवून ती निघाली होती.

शिवाजीनगर: पप्पा, मी डॉक्टर होणार नाही, माझी डिग्री वेगळी आहे, मला पुढे संशोधन करायचंय.

मंचर: पप्पा, मी डॉक्टर होणार नाही, माझी डिग्री वेगळी

नारायणगाव: पप्पा, मी डॉक्टर

आळेफाटा: पप्पा, मी

आपल्या सेवेसाठी लवकरच!

कारण उद्या स्लॅब आहे.

पप्पांनी रस्त्याकडेच्या वावरात गाळा काढलाय. बाहेर पेशंटला बसायची जागा, आत तपासायची खोली. मधल्या भिंतीत पडद्यासाठी आतापासूनच हूक. भिंती झाल्या, टेकू लागले, लोखंड बांधून झालं. उद्या सकाळी स्लॅब पडला की दवाखाना झालाच. म्हणजे आज बोलायचं. पडलेला स्लॅब परत उचलता येत नाही.

"आली गं माझी डॉक्टर!" आईने जाळीचं दार उघडलं आणि ती आत येताच लगेच कडी घातली. बिबट्यामुळे सगळ्या ओसरीला छतापर्यंत लोखंडी जाळी बसवली आहे. दिवस कलला की माणसं आत आणि रान बाहेर. समोरच्या उसाच्या कडेला वनखात्याने पिंजरा लावलाय. त्यात शेळी. तिच्यासाठी वेगळा कप्पा असतो. बिबट्याला ती खाता येत नाही, तिला बाहेर पडता येत नाही. तिने फक्त ओरडायचं.

"सारखी ओरडते का गं?"

"आपल्याला नाय ऐकू येत आता. सवय झाली," आई म्हणाली.

मोबाईल वाजला. वर्गातली आरती, आहुप्याची. सुट्टीत लॅबमध्ये तीच थांबली होती.

*तुझ्या पेशींना पाणी दिलं. पेशींनी बाटली भरून गेलीये. सांगितलंस का?*

*नाही अजून.*

*माझ्या घरी वाटतं मी लघवी तपासते. मी सुखी आहे.*

*हसू नको.*

*सांग पण, बाई.*

(इथे मोठ्या मंडळींचे गोल फोटो)

पप्पा गाळ्यावरून आले ते सिमेंटने भरलेल्या हातांनीच. "उद्या नारळ तूच फोडायचा. मिस्त्री म्हणतोय, डॉक्टर मॅडमच्या हातूनच पायजे. कामगारांना मटण सांगितलंय."

"पप्पा, मी—"

"हौशीराम! ए हौशीराम! डॉक्टरीणबाई आल्या म्हणं!"

बाहेर शेजारचे चिमाजीबाबा. मागे बॅटरी धरून त्यांची बायको धोंडाबाई. आईने पटकन कडी काढली, त्यांना आत घेतलं, पुन्हा घातली.

बाबा खुर्चीत बसले ते पडल्यासारखेच. कार्तिकातली थंडी, आणि कपाळ घामाने निथळत होतं. टोपी भिजली होती.

"दुपारधरनं छातीत जळतंय," धोंडाबाई म्हणाली. "सोडा दिला, ओवा दिला. डावा हात जड झालाय म्हंतात. म्या म्हणलं चला नारायणगावला. तर नाय! आपली पोरगी यायचीय संध्याकाळच्या गाडीनं, तीच बघंल."

"मंग? घरची डॉक्टरीण सोडून परक्याच्या दारात जायाचं?" बाबा हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "हौशीरामला काय वाटंल? बघ गं पोरी. गॅसच हाय. एक गोळी दे, जातो."

म्हणजे हा माणूस दुपारपासून थांबला होता. तिच्या गाडीसाठी. शेजारधर्म म्हणून.

"बाबा, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. हे हृदयाचं असू शकतं."

"आगं तपास तर आधी. लांबूनच?"

"मला तपासता येत नाही."

"मशीन नाय आणलं?"

आता. समृद्धी खांबाला धरून उभी राहिली आणि वाक्य सबंध बाहेर आलं, शिवाजीनगरला होतं तसंच.

"मी डॉक्टर नाहीये. पप्पा, मी डॉक्टर होणारही नाही. माझी डिग्री वेगळी आहे. मी लॅबमध्ये काम करते. मला माणसं तपासायला शिकवलेलंच नाही."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पप्पा बोटांवरचं सिमेंट खरवडत होते. ते खरवडायचे थांबले. उसाकडून शेळी ओरडली.

मग चिमाजीबाबा हसले. खरंखुरं, खोकत. "बघा! ह्याला म्हणत्यात शिक्षण! आमचा कंपौंडर सोताला डॉक्टर म्हणवतो, आन ही डॉक्टर आसून म्हंती मी न्हाई!"

"लई गुणाची हाय," धोंडाबाई म्हणाली. "लाजती."

"लाजत नाही हो! खरं सांगते!"

"बरं बरं. नसशील डॉक्टर." बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ शाईसारखे दिसू लागले होते. "आमी बसतो हितंच. जरा थांबलं का जाईल. अंधारात कुठं जायाचं, वाघ बसलाय उसात."

ती पप्पांकडे वळली. पप्पा तिच्याकडे बघत नव्हते. बाबांकडेही नाही. ते जाळीकडे बघत होते.

बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवरून घसरला. तो त्यांनी उचलला नाही.

एवढाच वेळ होता. समृद्धी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. फ्लेक्सवर आहे तसा चेहरा केला. जमला.

"चिमाजीबाबा. डोळे उघडा. मी डॉक्टर म्हणून सांगते. उठायचं. एक शब्द बोलायचा नाही. पप्पा, पिकअप काढा."

बाबांनी डोळे उघडले. "आत्ता कसं," ते म्हणाले, आणि निमूट उठू लागले.

जीवनदान देणाऱ्या

बाबा वाचले. नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. घेऊन आलं कोण? धोंडाबाईने समृद्धीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "ही. आमची डॉक्टर." त्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या कॉलेजला?" समृद्धी म्हणाली, "पाणी कुठे मिळेल?"

येताना पिकअपमध्ये ती आणि पप्पा दोघंच.

"पप्पा, मी ओसरीत जे बोलले—"

"मिस्त्रीला आठ वाजता यायला सांगितलंय," पप्पा म्हणाले. काच खाली केली, पुन्हा वर केली. "तू लाजत व्हतीस. सगळ्यांनी ऐकलं."

"तुम्हाला तरी..."

"समृद्धी." ते समोरच्या रस्त्याशी बोलल्यासारखे म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं, बाळा."

डॉ. समृद्धी हौशीराम कुटे यांचे

सकाळी मिक्सर घरघरला. तिने नारळ फोडला. पहिलं घमेलं तिचा हात लावून वर गेलं. मग दुसरं, मग हातोहात रांगच लागली. फ्लेक्सवाला मुलगा मोटारसायकलवरून आला, तिचा ताजा फोटो काढायला. नवीन फ्लेक्स जुन्याच्या दुप्पट होणार होता. जुना आईने कांद्याच्या चाळीवर टाकायला मागून घेतला.

"मॅडम, जरा हसा."

मोबाईल वाजला. आरती. *सांगितलंस?*

*हो.*

*मग??*

ती गाळ्याच्या आत गेली. डोक्यावर फळ्या, फळ्यांवर ओलं काँक्रीट, आणि ते तोलून धरणारे बांबूचे टेकू, इतके दाट की तिरकं होऊनच सरकावं लागत होतं. फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं. पडद्याच्या हुकाला कुणीतरी डबा अडकवला होता.

"मॅडम, तिथं थांबू नका," वरून मिस्त्री ओरडला. "आणि टेकूला हात नका लावू. सुकेस्तोवर एक पण हलवायचा न्हाई!"

तिने हात मागे घेतला. मागेही टेकूच होता.

शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ