थोरलीचा कोपरा

मित्रांनो, तोंड दाखवायला लाज वाटते असं माणसं म्हणतात. मला तोंड नाही, हे एका परीने बरंच झालं. मी वाकवलेल्या प्लायवूडची एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्या पाठीचा डावा कोपरा माझा नाही. तो कुणाचा, हे आज सांगून टाकते.

आम्ही दोघी होतो. थोरली एका लहानशा कारखान्यात जन्मली. तिथे लाकडाचे पातळ पापुद्रे सरस लावून एकावर एक चिकटवत आणि गरम साच्यात दाबून ठेवत. असे सात पापुद्रे एकजीव झाले की खुर्चीची पाठ तयार होई. कारखाना फार वर्षं चालला नाही. त्याचं नाव आज चार माणसांनाही ठाऊक नसेल.

थोरली ज्या घरात गेली, तिथल्या बाईंना जोडी हवी होती. तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं. मग त्यांनी ओळखीच्या सुताराला थोरली दाखवली आणि ‘अगदी अशीच करून द्या’ असं सांगितलं. त्याने पाच जाड पापुद्र्यांत काम उरकलं. ती ‘अशीच’ म्हणजे मी. दिसायला आम्ही सारख्या होतो, पण बसणाऱ्याला फरक कळायचा. थोरली टेकणाऱ्याची पाठ हळूच सामावून घ्यायची, मी आपली ताठ. पाहुणे आले की आधी थोरलीच पकडायचे आणि मला ते टोचायचं.

एकदा फरशी पुसताना थोरलीच्या बुडाखालचं कारखान्याचं लेबल सुटून पडलं. घरातल्या आजोबांनी ते उचललं, डिंक लावला आणि जी खुर्ची हाताशी होती तिच्याखाली चिकटवून टाकलं. हाताशी मी होते आणि आजोबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. यात माझा काय दोष, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण पुढे जाणकार पाहुणे मला उलटी करून लेबल वाचत, ‘वा, अस्सल आहे’ म्हणत, तेव्हा मी फुलून जायचे. तो दोष माझाच. लेबल नसलेल्या थोरलीची रवानगी गॅलरीत झाली. तिच्यावर कुंड्या आल्या, कुंड्यांचं पाणी तिच्यात मुरलं आणि बुडाकडचे पापुद्रे फुगले. मी दिवाणखान्यात मिरवत राहिले.

मिरवणंही कायमचं नसतं. घरचा एक भाचा माझ्यावर बसून मागच्या दोन पायांवर झुलत असे. एके दिवशी माझ्या पाठीचा डावा कोपरा तुटला आणि आम्ही दोघी एकाच अडगळीत जाऊन पडलो. तिथून घरच्यांनी आम्हाला विकून टाकलं आणि एकाच टेम्पोने आम्ही एका दुरुस्तीच्या वर्कशॉपात आलो.

जुन्या खुर्च्या दुरुस्त करणारी तिथली कारागीर बाई कामाला चोख होती. थोरलीच्या कारखान्यातली खुर्ची ती चार वर्षं शोधत होती, तीही स्वतःसाठी नव्हे. त्या कारखान्यात सरस लावायला एक बाई होत्या. त्यांना सगळे चिकटबाई म्हणत. हात कायम सरसाने बरबटलेले, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरचा सुटायचा नाही. आता त्या थकल्या होत्या, डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. ‘शेकड्यांनी खुर्च्या केल्या गं, पण आमचा मुकादम एकीवरही टेकू द्यायचा नाही. एकदा बसून बघायचंय,’ एवढंच त्यांनी कारागीर बाईला सांगितलं होतं.

कारागीर बाईने आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. दोघींतून एकच धड खुर्ची निघणार होती. कुठली ठेवायची आणि कुठली कापायची, एवढाच प्रश्न होता. तिने आमच्या कडा मोजल्या.

“हिचे पाच, तिचे सात. असं कसं?” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मला उलटी केलं, लेबल वाचलं आणि मान हलवली. “म्हणजे ही अस्सल. ती कुणीतरी बघून केलेली दिसतेय.”

मित्रांनो, मला बोलता येत नाही हे खरं. पण येत असतं तरी मी बोलले असते का? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तिने थोरलीची पाठ कापायला घेतली. खालच्या बाजूला फुगलेले पापुद्रे उलगडले, तर मधल्या पापुद्र्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चि.’

“चि.? चिरंजीव?” कारागीर बाई हसली. “खुर्चीला पत्र लिहिलंय की काय कुणी!”

आणि करवत पुन्हा चालू लागली. थोरलीचा वरचा धड कोपरा माझ्या तुटलेल्या जागी बसला. घासून, पॉलिश करून सांधा असा बेमालूम झाला की मलाच तो सापडेना. बाकीची थोरली तुकडे होऊन भंगाराच्या पेटीत गेली.

ठरल्या दिवशी चिकटबाई सुनेचा हात धरून आल्या. त्या लगेच बसल्या नाहीत. आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग कडेवर अंगठ्याचं नख टेकवून मोजू लागल्या. पाचावर त्या थांबल्या.

“अगं, ही आमची नाही.”

“मावशी, खाली लेबल आहे हो कारखान्याचं,” कारागीर बाई म्हणाली.

“लेबलं मीच लावायचे. ती कशालाही चिकटतात.”

बोलता बोलता त्यांचं नख डाव्या कोपऱ्यावर आलं. त्यांनी पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“सात. हा कोपरा आमचा. बाकीची कुठाय?”

कारागीर बाई पेटीकडे गेली आणि थोरलीच्या पाठीचा उरलेला तुकडा घेऊन आली.

“मधल्या पापुद्र्यावर काही लिहिलंय का, बघ,” चिकटबाई म्हणाल्या. “मी लिहायचे. एकदा आत गेलं की कोण बघतंय!”

“चि.,” ती कशीबशी म्हणाली. “मला वाटलं, चिरंजीव.”

“चिकटबाई गं. पण तेही चाललं असतं.”

“चुकले मी, मावशी. मीच कापली ती.”

चिकटबाई रागावल्या नाहीत. उभं राहवत नव्हतं म्हणून त्या माझ्यावर बसल्या आणि तो तुकडा त्यांनी मांडीवर घेतला. बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिल्या.

“तुझ्यावर बसायचं राहिलंच,” त्या त्याला म्हणाल्या. “आता तूच बस माझ्या मांडीवर.”

त्यांना वजन असं नव्हतंच. तरी त्या दिवशी जेवढं जड झालं, तेवढं मला कधीच झालं नव्हतं.

कारागीर बाईने माझ्याखालचं लेबल पाण्याने भिजवून सोडवलं. चिकटबाईंनी ते स्वतःच्या हाताने थोरलीच्या तुकड्यावर चिकटवलं आणि तुकडा घरी नेला. माझ्या बुडाखाली आता पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ‘नक्कल. डावा कोपरा अस्सल.’

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिच्या कडेवरून एकदा नख फिरवून बघा, नुसत्या लेबलावर जाऊ नका. आणि दुसऱ्याचं कौतुक चुकून तुमच्या पदरात पडलं, तर ते लगेच परत करा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. कधी या वर्कशॉपात आलात तर मला उलटी करून खालची अक्षरं वाचा. पूर्वी कुणी उलटी केलं की मला फार आवडायचं. आता आवडत नाही, तरी वाचा.